दोन अर्धे लेंगे, दोन बंड्या आणि एक गाऊन

८ मार्च, रविवार

आजपासून वही सुरू. एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात घासली, त्यामुळे कागदावर नोंद नसेल तर काम झाल्यासारखंच वाटत नाही. काम असं : उन्हाळ्यात घरात घालायला मला दोन अर्धे लेंगे, दोन अर्ध्या बाह्यांच्या बंड्या, आणि सौ.साठी एक गाऊन. सगळं घरी शिवायचं, मी शिवायचं. मुदत वळवाच्या पहिल्या पावसापर्यंत. खर्चाची मर्यादा दोन हजार. ती मी घातलेली नाही.

निमित्त गेल्या वर्षीच्या तयार हाफ पँटचं. कर्वेनगरात आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. दुपारी तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत निवत नाही. ती पँट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत अर्धा तास बसलं की उठताना खुर्चीही बरोबर उठते. लेबलवर ‘प्युअर कॉटन’. आज तिच्या शिवणीतला नव्हे, कापडातला एक धागा उपसला आणि चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीला लावला. जळायच्या आधी आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. मग जुन्या धोतराचा धागा लावला. तो कागदासारखा जळला, वासही कागदाचाच, आणि राख बोटावर घेतली तर नाहीशी झाली. निकाल लागला.

कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के इतकी हवेतली ओल अंगात मुरवून घेतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. घाम कुठे जाणार मग? मांडीवरच राहणार.

१४ मार्च, शनिवार

रविवार पेठ, कापडगंज. सकाळी साडेदहाला गेलो, कारण दुपारी त्या बोळांतून चालणं म्हणजे शिक्षा. मला वाटलं होतं मलमल मागायची, कापून घ्यायची, घरी यायचं. दुकानदाराने आधी विचारलं, “काका, शिवायचं काय?” लेंगा म्हटल्यावर त्याने मलमलीचा तागा परत ठेवून दिला. “उजेडात उभे राहाल तर सगळं दिसेल. लेंग्याला केम्ब्रिक घ्या. मलमल वरच्या अंगाला.” विकायचं सोडून शहाणपण शिकवणारा दुकानदार पेठेतच भेटतो.

त्याने सुताचा नंबर समजावला, म्हणजे मला हवं होतं तेच मिळालं. एका पौंडाच्या सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा नंबर. नंबर मोठा तितकं सूत बारीक. घरी येऊन हिशेब मांडला. ८० नंबरचं सूत म्हणजे ६७,२०० वार, सुमारे ६१ किलोमीटर. एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडा कमी कापूस, आणि त्याचा दोरा पुणे स्टेशनवरून सोडला तर लोणावळ्याच्या थोडा अलीकडे संपेल. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “पन्हा किती आहे ते बघितलंत का?”

बघितला होता. कापडाची रुंदी ४४ इंच. केम्ब्रिक साडेतीन मीटर, फिकट राखाडी. मलमल तीन मीटर, पांढरी. तुळशीबागेतून दोऱ्याची दोन रिळं, अकरा नंबरच्या सुयांचं पाकीट, नाडी, बटणं. गाऊनचं कापड ती स्वतः आणणार आहे, माझ्या पसंतीवर तिचा भरवसा नाही.

१९ मार्च, पाडवा

गुढी, श्रीखंड, आणि दुपारी मशीन. आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेलं काळं पायमशीन, गेली आठ-नऊ वर्षं त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. वादी सैल पडून चाकावरून घसरत होती. पाऊण इंच कापली, भोक पाडून तारेचा नवा आकडा अडकवला. दातऱ्यांखालून पिंजलेल्या कापसाची मूठभर गादी निघाली. तेल मशीनचंच घातलं. कोणी तरी मागे एकदा खोबरेल घातलं होतं (कोणी ते लिहीत नाही, घरात शांतता हवी), ते सुकून डिंकासारखं झालं होतं. रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं.

२६ मार्च, गुरुवार

कापड भिजवायचं ठरवलं होतं. गुरुवार, पाणी बंद. उद्या.

२७ मार्च, शुक्रवार

भिजवण्याआधी केम्ब्रिकच्या कोपऱ्यात धुतल्यावर न जाणाऱ्या पेनाने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला. रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी दोरीवर, मग इस्त्री. लांबीला ५० चे ४८.२ झाले, पन्ह्याला ४९.१. म्हणजे न भिजवता शिवलं असतं तर २७ इंचांचा लेंगा पहिल्या धुण्यात इंचभर वर गेला असता. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, पाणी लागलं की ते सैलावतात, म्हणून लांबीला जास्त आटतं.

शेजारच्या वहिनींनी मीठ घालायला सांगितलं होतं, रंग पक्का होतो म्हणून. मिठाचा उपयोग रंगाऱ्याला कढईत असतो, रंग कापडाकडे ओढायला. रंगून, धुऊन, दुकानात येऊन पडलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. वहिनींना हे सांगितलं नाही. पापडाची लाटी त्यांच्याकडूनच येते.

२९ मार्च, रविवार

पहिल्या लेंग्याची कापणी. माप : सीट, म्हणजे बसायच्या भागाचा घेर, ४० इंच, उंची २४. नेफ्याला दीड, खाली दुमडायला एक, शिवणीला अर्धा, एकूण २७. कापड वाचवण्याचा मोह झाला. पन्ह्याचे बरोबर दोन भाग, म्हणजे शेजारी शेजारी दोन पाय, दोन्ही पायांना मिळून २७ इंच कापडात काम खलास! पन्हा आटून ४३ झालेला. त्यातून शिवणीचे दोन गेले तर ४१ उरतात, आणि सीट तर ४०. इंचभर मोकळीक, घरच्या कपड्याला पुष्कळ.

सौ.ने कागदावरचं ड्रॉइंग पाहिलं. सेंटरलाइन, डायमेन्शन, सगळं व्यवस्थित. ती म्हणाली, “हे तुम्ही उभे राहिलात तर.” मला कळलं नाही, आणि विचारायचंही सुचलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

लेंगा तयार. शिवणी सरळ. कडा गुंफणारं इंटरलॉक मशीन आपल्याकडे नाही, म्हणून कापडाच्या सुलट बाजूने आधी दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर, टीप मारली, मग उलटवून आतून दुसरी. कापडाच्या कडा आतच कोंडल्या जातात, धागे निघत नाहीत, मांडीला काही टोचत नाही. वेळ दुप्पट लागतो.

घातला. आरशात झकास. संध्याकाळी जेवायला जमिनीवर मांडी घालून बसलो, आमटीची वाटी पुढे ओढायला वाकलो आणि लेंग्याच्या आसनात, दोन पाय जुळतात तिथे, टर्रकन आवाज झाला. नातू आठवडाभर तरी हे विसरणार नाही.

१ एप्रिल, बुधवार

तारीख योग्यच आहे.

सकाळी दार लावून शास्त्रशुद्ध मोजमाप केलं. उभं राहून सीट ४०. खुर्चीत बसून, टेप मांड्यांच्या वरून, ४३. मांडी घातल्यावर टेप धरता येत नाही, सौ.ने धरला, साडेचव्वेचाळीस. आणि पुढच्या नेफ्यापासून आसनाखालून मागच्या नेफ्यापर्यंतचं माप उभ्यापेक्षा बसल्यावर तीन इंचांनी वाढतं, ते सगळं मागच्या बाजूला. म्हणजे मी उभ्या माणसाचा लेंगा शिवला होता, आणि घरात उभं राहतं कोण?

“आता कळलं?” सौ. म्हणाली. तिला म्हटलं, अगं, त्याच दिवशी सांगायचं होतंस. “सांगितलं असतं तर तुम्ही ड्रॉइंग दाखवलं असतं.”

दुरुस्ती. दोन्ही पायांची आतली शिवण आसनापासून खाली पाच-पाच इंच उसवली. सहा इंचांचा चौकोनी तुकडा कापला, चारी बाजूंना अर्धा इंच शिवणीला जाऊन पाच उरतो. तो तिरपा धरायचा, हिऱ्यासारखा. एक कोपरा पुढे, एक मागे, दोन कोपरे दोन्ही मांड्यांवर खाली उतरलेले. कोपऱ्यावर शिवण अर्धा इंच आधी थांबवायची, सुई कापडात रुतलेली ठेवून पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली. पहिले दोन कोपरे चुण्या पडून बिघडले, तिसरा बरा, चौथा सौ.ने हात न लावता मान डोलावली इतका.

घालून मांडी घातली. उकिडवा बसलो. काहीच झालं नाही. हाच त्या तुकड्याचा गुण, तो आहे हे कळत नाही.

मात्र बसलं की नेफा मागून खाली ओढला जातो, कंबर उघडी पडते. चौकोनाने रुंदी दिली, मागची उंची दिली नाही. हा लेंगा असाच राहणार, दुसऱ्यात बघू.

५ एप्रिल, रविवार

दुसरा लेंगा. पाय शेजारी शेजारी न ठेवता एकाखाली एक बेतले. एका पायाची रुंदी २५ इंच. पन्ह्यात उरलेल्या १८ इंचांच्या पट्टीतून चौकोन, खिसे, नेफ्याची पट्टी. कापड जवळजवळ दीड मीटर लागलं, पहिल्याला पाऊण मीटरही लागलं नव्हतं. वाचवलेलं कापड शेवटी ठिगळालाच जाणार असेल तर वाचवलं कशाला?

मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड इंच उंच कापली, दोन्ही बाजूंना तिरकी उतरवत आणली. नेफ्यात अर्ध्या भागात इलास्टिक, पुढे नाडी. नुसतं इलास्टिक उन्हाळ्यात कंबरेला वळ उठवतं, नुसती नाडी रात्री गाठ बसून अब्रू घेते.

एका बैठकीत झाला, सकाळी दहा ते दीड, मध्ये एक चहा. दिवसभर घालून वावरलो. दुपारी फरशीवर आडवा झालो आणि पंख्याखाली पाय पसरले तेव्हा वारा कापडातून आत आला, खरंच आला. पुण्याची एप्रिलची दुपार कोरडी असते. घाम येतो तसा उडतो, फक्त कापडाने मध्ये पडू नये. मुंबईच्या मेव्हण्याला हे सांगून उपयोग नाही.

११ एप्रिल, शनिवार

बंडीला हात घातला. मलमल मशीन खाते! टीप सुरू करताना कापडाचा कोपरा दातऱ्यांच्या फटीत आत गेला आणि खालच्या दोऱ्यात गुंता. तीनदा. सुई सोळाची होती, जाड, जुनी, टोक बोथट. अकराची नवी घातली. दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिले चार टाके हातात घट्ट धरली, आणि कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी घेतली. कागदासकट शिवायचं, मग कागद टीपेवरून टरकावायचा. अग्रलेखाचा असाही उपयोग. टाके इंचाला बारा.

१२ एप्रिल, रविवार

बंडी पूर्ण. लेंग्यापासून शहाणा झालो होतो, म्हणून सढळ हाताने मोकळीक दिली. छाती ४०, बंडी ५०. मुंढाही, म्हणजे बाही जोडायची जागा, भरपूर खोल, ११ इंच, बगलेत वारा खेळावा म्हणून.

अंगात घातली, हवेशीर. मग माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला हात वर केला, तर सगळी बंडी हाताबरोबर वर. पोट बाहेर. हात खाली, बंडी खाली. दोनदा, तीनदा करून पाहिलं. एवढी ढगळ, दोन माणसं मावतील अशी, आणि हात वर करायला मोकळी नाही!

चहा घेताना उमगलं. मुंढा जितका खोल तितकी बाही अंगाला खाली जोडलेली. हात उचलला की तो जोड वर जाणार आणि अख्खं अंग बरोबर नेणार. बाहेर इतकं कापड सोडलं, हलायच्या जागी मात्र काहीच नाही. मांडी घालताना आसनात जे झालं तेच हे, फक्त वरच्या मजल्यावर. कपडा मोठा केला म्हणजे सैल होत नाही.

संध्याकाळी ट्रंक उघडली. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एक कुडतं तिच्यात आहे. गावच्या शिंप्याने शिवलेलं, निदान साठ वर्षांपूर्वीचं. बाही म्हणजे सरळ पट्टी, मुंढ्याला गोलाई नाहीच, आणि बगलेत उलटवून बघितलं तर तिथे चौकोनी तुकडा. तिरपा. हिऱ्यासारखा. तीन इंचांचा. फूटपट्टी लावून चारी बाजू मोजल्या, एका सुताचाही फरक नाही. त्या शिंप्याला ड्रॉइंग काढता येत नसावं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मात्र त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

त्या कुडत्यात कापडाचा कण वाया गेलेला नाही, सगळे तुकडे सरळ कापलेले. हातमागाचं कापड, पन्हा लहान, गोलाई कापून चिंध्या करणं परवडणारंच नव्हतं. परवडत नव्हतं म्हणून सरळ कापलं, आणि सरळ कापलेलं अंगात जखडतं म्हणून बगलेत चौकोन आला.

१८ एप्रिल, शनिवार

दुसरी बंडी, दादांच्या कुडत्यावरून. छाती ४६ पुरे. बाही सरळ, ९ इंच खोल, बगलेत चार इंचांचा तुकडा कापून शिवणीनंतर तीनचा.

इथे एक वाद झाला. ट्रंकेत आईचं जुनं सुती नऊवारी आहे, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. बगलेचे चौकोन त्याचे करावेत असं मनात आलं, तिथे कापड मऊ हवं. सौ.ने लुगडं खिडकीच्या उजेडासमोर धरलं. काष्ट्याचा भाग जाळीसारखा दिसत होता. पदराकडचं कापड दाट होतं, पण दोन्ही अंगठ्यांनी जरा ताणताच तिथेही बारीक कुरकुर ऐकू आली. “ताण पडतो तिथे विरलेलं घालू नये. खिशाला घाला.” बरोबर आहे तिचं. खिसे लुगड्याचे केले, आतून. हात घातला की कळतं.

माळ्यावरून बरणी काढली, परत ठेवली. बंडी जागच्या जागी.

२५ एप्रिल, शनिवार

गाऊन. सौ.ने सांगानेरी छापाचं कापड आणलंय, निळी फुलं, तीन मीटर. तिच्या अटी दोन : खिसे, आणि गळा मागे सरकता कामा नये. तयार गाऊनना खिसे का नसतात याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. फोन, किल्ली, चिमटे, सुट्टे पैसे, घरात सगळ्यात जास्त गोष्टी तीच घेऊन हिंडते.

घेर, चुण्या, बाह्या दुपारपर्यंत. बगलेत चौकोन, आता न विचारता. गळ्याला मात्र फसलो. उभ्या धाग्यात दीड इंचाची पट्टी कापली, सरळ, सुबक, आणि गोल गळ्याला शिवली. गळा ताटाच्या कडेसारखा उभा राहिला, सुरकुत्यांसकट.

“उरेब कापा,” ती म्हणाली आणि माझ्या हातातून गाऊन घेऊन ब्लेडने उसवायला बसली. उरेब म्हणजे काय ते मला भूमितीने माहीत होतं, ४५ अंश. हाताने माहीत नव्हतं. तिने उरलेल्या कापडाचा कोपरा उचलला, उभी कडा आडव्या कडेवर आणून ठेवली, घडीवर नखाने रेघ ओढली. त्या रेघेला समांतर पट्टी कापली आणि दोन्ही टोकं धरून माझ्यापुढे ताणली. तीच पट्टी, तेच कापड, रबरासारखी लांबली. उभ्या धाग्यात कापली की धाग्याचीच ओढ असते, तो लांबत नाही. तिरपी कापली की उभे-आडवे धागे एकमेकांवर कात्रीसारखे सरकतात. मग गोलाईच्या बाहेरच्या कडेला पट्टी लांबते, आतल्या कडेला आखडते, आणि गळा झोपतो. गोलाईला दर अर्ध्या इंचाला शिवणीपर्यंत बारीक छेद देऊन मग उलटवायचं, हे तिने सांगितलं. शिवण कापू नका, हेही. एके ठिकाणी कापली.

३० एप्रिल, गुरुवार

पुण्यात आजवर नोंदलेला उच्चांक याच तारखेचा आहे, १८९७ सालचा, ४३.३ अंश. तेव्हा घरोघरी विजेचे पंखेही नव्हते. आज तेवढं नाही, पण तीन वाजता खिडकीचा गज धरवत नाही. पाणी बंद असल्याने धुणंही नाही. मी दुसऱ्या लेंग्यात आणि दुसऱ्या बंडीत, सौ. गाऊनमध्ये, पडदे ओढलेले, माठ भरलेला. तिच्या दोन्ही खिशांत काही ना काही आहे, कारण उठली की किणकिणतं.

खर्च : कापड, गाऊनचं धरून, १५४०. दोरा, सुया, नाडी, इलास्टिक, बटणं २१०. वादीचा आकडा दहा रुपये. एकूण १७६०. मर्यादेच्या आत आहोत, हे तिला वाचून दाखवलं.

९ मे, शनिवार

साडेचारला सिंहगडाकडून आभाळ भरून आलं, धुळीचा लोट, मग टपोरा वळीव. गच्चीवर धावलो. लेंगे आणि गाऊन मिळाले, पहिली बंडी उडून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर गेली. तिथल्या वॉचमनने ती खाली आणून दिली. छाती ५० ची बंडी त्याला अंगाबरोबर दिसली, म्हणून त्यालाच ठेव म्हटलं. फक्त हात वर करताना जपायला सांगितलं.

मुंबईचा मेव्हणा पुढच्या शनिवारी येतोय. त्याला लेंगा हवाय, फोनवर सीट सांगत होता. म्हटलं, आकडा नको, ये आणि इथे जमिनीवर मांडी घालून बस, टेप मी धरतो.